प्रक्षेप, पाठचिकित्सा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने ‘शासन विरुद्ध लेखक’ या चौकटीत होत आला आहे. १८७८ चा देशी वृत्तपत्र कायदा किंवा आणीबाणीतील प्रसिद्धिपूर्व तपासणी यांच्या मीमांसेला ती चौकट पुरेशी होती. समाजमाध्यमांनी तिच्यात दोन नव्या घटकांची भर घातली आहे: कर्ता अज्ञात असलेला मजकूर आणि त्याच्या प्रसारावर ताबा असलेली खासगी कंपनी.

या मजकुराची संहारकता नाकारण्यात अर्थ नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. असत्य विधानाचे खंडन प्रतिविधानाने करावे, हे उदारमतवादी सूत्र अशा वेळी अपुरे ठरते. कारण खंडन पोचण्यापूर्वीच माणसे मेलेली असतात.

म्हणून सत्यनिर्णयाचा अधिकार शासनाकडे सोपवावा काय? केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे शासनाच्याच कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरविली. तो निर्णय योग्यच होता. वादातील एका पक्षालाच न्यायासनावर बसविल्यास टीका आणि अपप्रचार यांतील सीमारेषा पुसली जाते.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी आपल्याच विद्याशाखेत उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. संपादकांनी प्रक्षिप्त मानलेला भाग मुख्य संहितेतून वगळला. परंतु तो नष्ट केला नाही. तळटीपांत व परिशिष्टांत तो हस्तलिखितांच्या निर्देशासह छापला. त्यामुळे त्यांचा निर्णय आजही तपासता येतो, अमान्यही करता येतो.

समाजमाध्यमांवरील नियंत्रणात नेमकी हीच शिस्त आढळत नाही. मजकूर काढला जातो किंवा त्याचा प्रसार घटविला जातो. पण का, कोणाच्या सांगण्यावरून, हे लेखकाला व वाचकाला बहुधा कळत नाही. कारण नोंदविणे, लेखकाला कळविणे आणि स्वतंत्र यंत्रणेकडे दाद मागू देणे, या तीन अटींवाचून केलेले नियंत्रण म्हणजे खासगी सेन्सॉरशिपच होय.

पाठचिकित्सेला दशके मिळतात, अफवा तासाभरात प्राण घेते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरील पहिला उपाय वेग रोखणे हा आहे. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. ती खऱ्याखोट्या सर्वच मजकुराला सारखी लागू असल्याने तिच्यासाठी कोणी सत्याचा निवाडा करण्याची गरज नव्हती. केवळ तेवढ्याने अफवा थांबत नाहीत, हे खरे. तथापि प्रसारावरील समान मर्यादा आणि आशयावरील बंदी यांत मूलभूत भेद आहे, आणि तो जपणे हे भाषेच्या अभ्यासकांचेही दायित्व आहे.