बर्फ उशिरा आला, म्हणून काय बिघडले?

श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, साडेआठ हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले गुलमर्ग म्हणजे आपल्या देशातील बर्फावरच्या खेळांचे माहेरघर. परंतु जानेवारी २०२४ मध्ये तेथील उतारांवर बर्फाऐवजी वाळलेले गवत दिसत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. नंतर बर्फ पडला, मार्चमध्ये स्पर्धा पार पडल्या आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण प्रश्न एवढ्याने सुटत नाही. काश्मिरी माणूस हिवाळा तारखांनी मोजतो. २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस म्हणजे ‘चिल्लई कलान’, कडाक्याच्या थंडीचा काळ. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ या दिवसांत हिमवर्षाव करतात. त्या वेळी पडलेला बर्फ गोठून घट्ट होतो, डोंगरावर टिकतो आणि उन्हाळाभर हळूहळू वितळत ओढ्यांना, झेलमला पाणी पुरवतो. मार्चमधला बर्फ उन्हाच्या तोंडावर पडतो आणि लवकर वाहून जातो. मृग कोरडा गेला आणि पाऊस भाद्रपदात कोसळला, तर सरासरी भरूनही पेरणी साधत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

बर्फ रुसला की पहिला फटका बसतो तो घोडेवाल्यांना, स्लेज ओढणाऱ्यांना, स्की शिकवणाऱ्या तरुणांना. त्यांची वर्षाची बेगमी या दोन-तीन महिन्यांवर असते. दुसरा फटका उशिरा जाणवतो : भातखाचरांना आणि सफरचंदाच्या बागांना पाणी कमी पडते.

यावर कृत्रिम बर्फाचा उपाय सुचवला जातो. पण त्यालाही पाणी लागते आणि पुरेशी थंडीही. यंत्राने स्पर्धेपुरता उतार पांढरा करता येईल, नदी भरता येणार नाही.

महाराष्ट्रातूनही दरवर्षी असंख्य कुटुंबे गुलमर्गला जातात आणि गोंडोलातून अफरवटच्या शिखराकडे निघतात. तेथे बर्फ दिसला नाही की सहल फुकट गेली, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपली सहल पुढच्या वर्षी पुन्हा ठरवता येते. त्या बर्फावर ज्यांचे शेत आणि चूल अवलंबून आहे, त्यांना ही सवलत नाही. म्हणून गुलमर्गचा हंगाम केवळ पर्यटकांच्या आकड्यांवर मोजून चालणार नाही. बर्फ किती पडला, याइतकेच तो केव्हा पडला आणि किती दिवस टिकला, हेही विचारायला हवे.