अब्बांचा पोटॅशियमचा रिपोर्ट

शाबानच्या अखेरीस अब्बांचा रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम 6.1. साधारण 3.5 ते 5 असायला हवे. खाली बारीक अक्षरात शेरा होता, ‘नमुना हीमोलाइझ्ड’, म्हणजे रक्त काढताना लाल पेशी फुटलेल्या. शरीरातले सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशी फुटली की ते बाहेर सांडते आणि आकडा खोटाच फुगतो. तरी तो शेरा पाहून आम्ही निश्चिंत बसलो नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले, रक्त पुन्हा दिले. 5.7 आले. आता मात्र आकडा खरा होता.

सोडियमच्या गर्दीतून यंत्र पोटॅशियम नेमके ओळखते कसे? बहुतेक यंत्रांत हे काम व्हॅलिनोमायसिन करते. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंमध्ये हा पदार्थ 1955 साली सापडला. पेशीचे आवरण तेलकट असते, विद्युतभार असलेला कण त्यातून आपसूक जात नाही. व्हॅलिनोमायसिनचा रेणू म्हणजे एक कडे. बाहेरून तेलकट, आत ऑक्सिजनचे सहा अणू. पोटॅशियम त्या सहांच्या मध्ये चपखल बसते आणि कड्यासकट आवरणापार जाते. सोडियम लहान, तरी त्याला जागा मिळत नाही, कारण ते आत सैल पडते. इतर सूक्ष्मजीवांच्या पेशींतले पोटॅशियम असे गळून गेले की ते मरतात. मारणारे हेच कडे प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या पातळ पडद्यात बसवतात. पडद्यातून पोटॅशियमच जाऊ पाहते, त्याने जो विद्युतदाब तयार होतो तो यंत्र मोजते. अल्लाहची कुदरत!

पण अब्बांचे पोटॅशियम वाढले कशाने? मूत्रपिंडे थकलेली, हे ठाऊक होते. डॉक्टरांनी विचारले, “मीठ कोणते वापरता?” आम्ही गप्प. रक्तदाबासाठी म्हणून कमी सोडियमचे मीठ आम्हीच मोठ्या कौतुकाने आणले होते. सोडियम कमी करताना त्यात पोटॅशियम क्लोराइड घालतात. धडधाकट माणसाला ते चालते, मूत्रपिंडाच्या रुग्णाचे हृदय मात्र जास्त पोटॅशियमने बंद पडू शकते. पाकिटावर सगळे छापलेले होते. दोन भाषा शिकवणाऱ्या आम्ही ते वाचलेच नव्हते.

घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर आजच मिठाचे पाकीट उलटून पाहा. शहाळ्याचे पाणीही डॉक्टरांना विचारूनच द्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते, पण त्या मनाने बंद करू नयेत.

डॉक्टरांनी रोजे मना केले. फिदया देण्याचे ठरले, तरी अब्बांचा चेहरा उतरलाच. “निदान इफ्तारला दस्तरखानावर तरी बसू द्या,” म्हणाले. 100 ग्रॅम खजुरात साधारण 650 मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणून आम्ही ताटली जरा लांबच ठेवत होतो.

मीठ बदलले, औषध सुरू झाले. पुढच्या तपासणीत 4.9 आले. अब्बांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, “खजूर किती?”

“एक.”

आता मगरिबची अजान झाली की ते ताटलीतला सगळ्यात मोठा खजूर शोधतात.