मण्यांची सुट्टी आणि भट्टीचा धूर

जोडसुट्टी आली की पुण्या-मुंबईची माणसे महाबळेश्वर गाठतात. पसरणी घाटात गाड्यांची रांग, वेण्णा तलावावर बोटीची रांग, सूर्यास्ताला कड्यावर गर्दी आणि हातात सतत मोबाइल. रविवारी रात्री उशिरा घरी पोचायचे आणि सोमवारी जड डोक्याने कामावर हजर व्हायचे. सुमारे १,३७० मीटर उंचीवरची ही थंड हवा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आजारातून उठण्यासाठी निवडली होती. आता तिथून माणसे दमून परततात. जागा बदलली तरी मनाचा व्याप बदलत नाही, हे त्याचे कारण.

म्हणूनच सुट्टीचे दोन दिवस एखादी हातकला शिकण्यात घालवण्याची नवी आवड स्वागतार्ह आहे. दागिने बनवण्याच्या छोट्या कार्यशाळा हे त्याचे चांगले उदाहरण. तार वळवायची, मणी ओवायचे, डुलांची जोडी जुळवायची, जमल्यास चांदीची साधी अंगठी घडवायची. वरवर हा वेळ घालवण्याचा उद्योग वाटतो. पण शरीर-मनाला विश्रांती कशाने मिळते, याचा अभ्यास करणाऱ्या झोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या : कामाचा विसर पडणे, शरीर सैल होणे, नवे काही जमल्याचे समाधान आणि वेळ आपल्या मनाप्रमाणे वापरता येणे. नुसत्या लोळण्यात पहिल्या दोन मिळाल्या तर मिळतात. बारीक मणी सुईत घेताना चारही मिळू शकतात. दोन्ही हात गुंतल्यामुळे मोबाइल आपोआप बाजूला राहतो, आणि चुकले तर उसवून पुन्हा ओवता येते. कोणी ओरडत नाही.

याला थोडा शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे माती, रंगीत पेन, कागदाचे तुकडे यांतून मनाला येईल ते बनवले. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेले आढळले. ज्यांनी पूर्वी कधी कला केली नव्हती त्यांनाही फायदा झाला. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि त्यात दागिने नव्हते. त्यामुळे ‘मणी ओवा, रक्तदाब घालवा’ असा दावा कोणी करू नये. गोळ्या चालू असतील त्या चालूच ठेवाव्यात. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास तपासून कला आणि आरोग्य यांचा संबंध मान्य केला आहे.

हातकामाचा औषधासारखा उपयोग महाराष्ट्राला नवा नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. विणणे, सुतारकाम, मातीकाम अशा कामांतून लुळा हात आणि खचलेले मन दोन्ही सावरता येतात, हा या शास्त्राचा पाया. महाबळेश्वर ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील फलटणमध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे.

छंदातही काळजी हवी. सोल्डरिंग, म्हणजे डाक देण्याचे काम, असेल तर खिडक्या उघड्या आणि धूर ओढणारा पंखा हवा. डाकात कॅडमियम नाही ना, हे आधी विचारावे. ‘केडीएम’ हा सराफी शब्द कॅडमियमवरूनच आला. ते सुमारे ७६७ अंशांना उकळते आणि फुंकणीच्या ज्योतीत त्याची वाफ होते. वाफ छातीत गेल्यावर लगेच काही जाणवत नाही. काही तासांनी ताप, खोकला, धाप सुरू होते आणि फ्लू समजून दुर्लक्ष होते. रेझिन हाताळताना हातमोजे, तार कापताना चष्मा घालावा. निकेलने खाज येणाऱ्यांनी स्वस्त धातूचे हूक टाळावेत. अर्ध्या तासाने मान वर करून दूर डोंगराकडे पाहावे. आणि दोन दिवसांत अमुक नग झालेच पाहिजेत, असा हट्ट धरू नये. नाही तर कार्यालय इथेही आलेच.

हा हट्ट ज्यांना धरावाच लागतो, त्यांच्याकडे आता पाहायला हवे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडीचा दुष्काळी पट्टा गलाई कामगारांचा. जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या कामासाठी इथली माणसे देशभरच्या सराफ बाजारांत पांगली आहेत. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण घडतात. गलाईत धातू नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळताना तांबूस धूर निघतो. तो श्वासात गेला तर काही तासांनी फुप्फुसात पाणी साठू शकते. कॅडमियम वर्षानुवर्षे मूत्रपिंडात साचते, आणि ते कर्करोगकारक म्हणून सिद्ध झाले आहे.

काम एकच, पण एकाला ते विश्रांती देते आणि दुसऱ्याला आजार. फरक हात किंवा हुनर यांचा नाही. पहिल्याला वेळ आहे, मर्जी आहे, उघडी खिडकी आहे; दुसऱ्याला नगाप्रमाणे मजुरी आणि बोळातली कोंदट खोली. १९४८ च्या कारखाना कायद्याने नायट्रस धुराची विषबाधा कळवण्याजोगा आजार ठरवली. पण दोन-चार माणसांची भट्टी त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. दवाखान्यात खोकला घेऊन आलेल्या माणसाला ‘काम काय करता?’ हे विचारले जातेच असे नाही. विचारले तर निम्मे निदान तिथेच होते.

उपाय महाग नाहीत. भट्टीवर धूर बाहेर नेणारे धुराडे, कॅडमियमविरहित डाक, वर्षातून एकदा फुप्फुसांची आणि लघवीची तपासणी. सराफ संघटना आणि सरकारी आरोग्ययंत्रणेने मिळून हे हाती घ्यावे. केडीएमचा आग्रह सोडून हॉलमार्कचा दागिना मागणारे ग्राहकही यात हातभार लावू शकतात.

सुट्टीत एक अंगठी घडवायला पूर्ण दुपार लागते, हे ज्याने अनुभवले, तो पुढच्या वेळी सराफाकडे घडणावळीवर घासाघीस करण्याआधी थांबेल. ती घडणावळ कोणाच्या फुप्फुसातून जाते, एवढे त्याने विचारले तरी सुट्टी कारणी लागली.