विमानतळाला उशीर का झाला?

नवी मुंबई विमानतळावरून अखेर २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमाने उडू लागली. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ची, पर्यावरण परवानगी २०१०ची आणि भूमिपूजन फेब्रुवारी २०१८चे. त्या वेळी २०१९च्या अखेरीस पहिले विमान उडेल असे सांगितले होते. मग मधली सहा वर्षे गेली कुठे?

करोना आला, २०२१मध्ये प्रकल्प जीव्हीकेकडून अदानी समूहाकडे गेला, ही कारणे खरीच. पण मूळ दुखणे त्याआधीचे. भूमिपूजन झाले तेव्हा दहा गावांचे स्थलांतर पुरे झाले नव्हते. उलव्याची टेकडी कापायचे आणि नदी वळवायचे कामही बाकी होते. ज्यावर पुढचे सगळे अवलंबून, तेच अर्धवट असताना तारीख जाहीर झाली. धावपट्टीसाठी जादा यंत्रे लावता येतात. पिढ्यान्पिढ्यांचे घर सोडणाऱ्या माणसाला घाई करून चालत नाही.

आपल्यापैकी काहींनी अशाच तारखांच्या भरवशावर पनवेल-उलव्यात फ्लॅट घेतले. पुढच्या वेळी बिल्डर नवा रस्ता किंवा मेट्रो दाखवील, तेव्हा उद्घाटन कधी हे नंतर विचारा. जमीन ताब्यात आली का आणि तिथल्या लोकांचे पुनर्वसन झाले का, हे आधी विचारा.