बारच्या मागे कोण उभं राहणार?

हौसेला मोल नसतं, हे खरंच. त्यामुळे पुण्या-नाशिककडच्या रो-हाउसमध्ये आणि बंगल्यांमध्ये हल्ली तळघरं साफ व्हायला लागली आहेत. जुन्या गाद्या, मोडकी सायकल, गणपतीच्या मखराचे खोके बाहेर निघतात आणि तिथे 'एंटरटेनमेंट झोन' येतो. प्रोजेक्टर, सोफा, कराओके आणि कोपऱ्यात खास बनवून घेतलेला बार. मागे आरसा, आरशापुढे बाटल्यांची रांग, खाली एलईडी पट्टी आणि समोर चार उंच स्टुलं. रीलमध्ये हे सगळं फार भारी दिसतं. पण इंटेरिअरवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये एक गोष्ट बहुतेक वेळा नसते. या बारच्या मागे कोण उभं राहणार?

प्रश्न साधा वाटतो, पण सगळं डिझाइन त्याच्यावरच उभं आहे. तळघरातला बार ही मुळात अमेरिकन कल्पना. तिथे १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती आणि पिणं बरंचसं घरात शिरलं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांत घरं वाढली, तसं बेसमेंटमध्ये खेळायची-बसायची खोली करायची पद्धत रुळली आणि तिच्या कोपऱ्यात बार आला. त्या काउंटरमागे उभा राहतो तो यजमान. ग्लास भरणं, बर्फ घालणं, पाहुण्याचं ऐकणं हे त्याचं काम.

आपण फर्निचर आणलं, ही रीत मात्र आणली नाही. आपल्याकडच्या 'बैठकी'त पुरुष मंडळी बसतात आणि चकणा स्वयंपाकघरातून येतो. मसाला शेंगदाणे, भाजलेले पापड, कापलेला कांदा, मग 'जरा बर्फ आहे का गं?' आणणारी आई असते, नाहीतर वहिनी, नाहीतर बायको. हॉलमध्ये हे निदान दिसत तरी होतं. तळघरात बैठक गेली की मधे अख्खा जिना येतो. वर एकजण तळतंय, खाली गाणी चालू आहेत आणि मधे फोन, 'लिंबू पाठव ना.' लाखभर रुपये घालून आपण घरातल्या एका माणसाला पार्टीतून पद्धतशीर बाहेर काढलेलं असतं.

म्हणून सुरुवात बाटल्यांपासून नको, काउंटरच्या आतल्या बाजूपासून करा. पुढचं काउंटर आणि मागचं कपाट यांच्यात निदान तीन फूट मोकळे हवेत, म्हणजे छोट्या फ्रीजचं दार उघडूनही माणूस वळू शकतो. पाहुण्यांच्या बाजूला काउंटरची उंची ४२ इंच आणि स्टुलाची बैठक ३० इंच, हे माप जगभर चालतं. आतल्या बाजूला मात्र कामाचा ओटा ३४ ते ३६ इंचांवर ठेवा, नाहीतर लिंबू कापताना खांदे भरून येतात. काउंटर पुढे १० ते १२ इंच बाहेर काढलं नाही, तर बसणाऱ्याचे गुडघे आपटतात. एका स्टुलाला दोन फूट धरा. आठ फुटांच्या काउंटरला चारच स्टुलं, 'ॲडजस्ट' करून सहा नाहीत. पाय टेकवायला खाली आडवी दांडी हवीच. आणि टॉप मार्बलचा नको, ग्रॅनाइटचा घ्या. लिंबाचा रस मार्बलला खातो आणि तो डाग पुसला जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिंक. 'खर्च वाढतो' म्हणून पहिली काट बसते ती याच्यावर. पण सिंक नाही म्हणजे उष्टे ग्लास वर जाणार आणि सकाळी ते कोण घासणार, हे सांगायला नको. तळघराची जमीन बहुधा ड्रेनेज लाइनच्या खाली असते, त्यामुळे पाणी आपोआप वाहून जात नाही. छोटी टाकी आणि पंप बसवून ते वर ढकलावं लागतं. पावसात लाइन तुंबली तर पाणी उलटं घरात येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही लागतो. एलईडीच्या पट्ट्या कमी करा, पण यात काटकसर नको.

तळघर या प्रकाराचाही थोडा मान ठेवा. मंजूर नकाशात ती जागा कशासाठी दाखवली आहे, हे आधी बघा. अनेकदा ती पार्किंग किंवा सामानासाठीच असते. जुलै २०२४ मध्ये दिल्लीतल्या ओल्ड राजेंद्र नगरात कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी शिरलं आणि तिघा विद्यार्थ्यांचा जीव गेला. ती जागा सामान आणि पार्किंगसाठी मंजूर होती, तिथे लायब्ररी चालत होती. दारू प्यायलेली दहा माणसं असलेल्या खोलीत हवा खेळती हवी आणि बाहेर पडायची वाट मोकळी हवी. भिंतीला ओल असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग सुतार. आणि लाकूडकाम मरीन प्लायमध्येच करा, साधा प्लाय दमट हवेत फुगतो.

आता बाटल्या. महाराष्ट्रात दारू घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो आणि किती साठा ठेवायचा यालाही मर्यादा आहे. बिअर-वाइनसाठी वय २१, बाकीच्या दारूसाठी २५. तेव्हा 'घरातच तर आहे' म्हणून कॉलेजच्या गँगला भरून देणं हा कूलपणा नाही. शंभर बाटल्यांची भिंत हवी कशाला? सहा-सात बाटल्या पुरतात. त्यातली एखादी नाशिकची वाइन असू दे, एखादी गोव्याची काजू फेणी, जिला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. बाटल्यांच्या कप्प्याला कुलूप लावा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

आणि एक पूर्ण फळी न पिणाऱ्यांची. कोकमाचं आगळ, आलं, पुदिना, सोडा, चांगले ग्लास. ही फळी खालच्या कोपऱ्यात नको, नजरेसमोर हवी. न पिणाऱ्याच्या हातात गरम झालेल्या कोल्ड्रिंकचा प्लॅस्टिकचा ग्लास देऊन 'अरे, एक तर घे' म्हणणारा बार कितीही महागडा असो, डिझाइन म्हणून तो फसलेलाच. गाडीच्या चाव्या टांगायला काउंटरमागे एक हुकही लावा. ज्याने प्यायली आहे त्याची चावी तिथे, आणि त्याच्यासाठी कॅब किंवा वर एक गादी.

काही जण म्हणतील, एवढा विचार करायचा तर बाहेर जाऊन बसलेलं काय वाईट? बाहेर ग्लास धुणाऱ्याला पगार मिळतो. घरी तो मिळत नाही, म्हणूनच विचार करायचा.

तेव्हा सुताराला ड्रॉइंग देण्याआधी त्यातल्या काउंटरमागच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने एक नाव लिहा. ते तुमचं स्वतःचं असेल तर खुशाल बार बांधा. नाहीतर ते चार पैसे वाचवा आणि पुढच्या पार्टीला चकणा स्वतः तळा.