खुराड्याजवळचा डबा

नावडे फाट्यावरून आत वळले की सिडकोच्या वसाहतीतले टॉवर दिसतात आणि जुन्या गावात अजून एखाद्या अंगणात डालग्याखाली झाकलेली गावठी कोंबडीही. वस्ती वाढली तशी मोकाट कुत्री वाढली. मुंगूस तर आधीपासूनचेच. त्याच्या तोंडातून सुटलेली कोंबडी घरी आणली की हात पहिल्यांदा हळदीच्या डब्याकडे जातो.

हळदीच्या गुणाशी आमचे भांडण नाही. पण तेलात कालवून थापलेला लेप पिसांत घट्ट बसतो आणि खालची जखम दिसेनाशी होते. पावसाळ्यात जखमेवर माशीने घातलेली अंडी एका दिवसातही फुटतात. लेपाखाली आळ्या पडल्याचे कळते तोवर कोंबडीने मान टाकलेली असते.

म्हणून प्रथमोपचाराच्या डब्यात पहिला मान धुण्याच्या सामानाला. सलाईनची बाटली आणि सुई नसलेली २० मिलीची सिरिंज, एवढ्याने निम्मे काम होते. सलाईन नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे दीडेक लहान चमचा मीठ. पिसे बाजूला सारून सिरिंजने धार मारावी. माती आणि सुकलेले रक्त सुटून येते. मग पोव्हिडोन आयोडीन, तेही फिक्या कोऱ्या चहाच्या रंगावर येईपर्यंत पाणी घालून. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळते म्हणून गुणकारी वाटते, पण ते भरून येणारे मांसही जाळते.

कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. निर्जंतुक गॉज आणि वर स्वतःलाच चिकटणारी पट्टी घ्यावी. ती पिसे उपटत नाही. पाय बांधायला ती उत्तम. छातीभोवती मात्र आवळू नये. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड खालीवर हलवूनच ती श्वास घेते. पट्टी घट्ट बसली तर जखमेआधी पट्टीनेच जीव जायचा.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या या डब्यात नकोतच. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने त्यांची मढी खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी केली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबडी पक्षीच आहे.

कुत्र्यामांजराचा चावा वरून टाचणीएवढा दिसतो, आत खोल गेलेला असतो. तो धुवावा, बंद करू नये आणि पशुवैद्य गाठावा. प्रतिजैविक सुरू झाले तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथेच विचारून घ्यावे. (गटारी तोंडावर असेल तर मांसाचेही.) बरी होईपर्यंत ती वेगळ्या डालग्याखाली हवी, कारण रक्ताचा लाल ठिपका दिसला की बाकीच्या टोचून टोचून जखम मोठी करतात.

डब्याच्या झाकणावर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक जाड अक्षरात लिहून ठेवावा. आणि सलाईनची फोडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नये.