गोल खाणाऱ्यांनाही शिक्षा?

बालमित्रांनो, आज आधी एक गणित सोडवू. फुटबॉलचा सामना असतो ९० मिनिटांचा. एका सामन्यात ६१ विरुद्ध १ असे गोल झाले. तर सरासरी किती सेकंदांना एक गोल झाला?

करा बरं! ९० गुणिले ६० म्हणजे ५४०० सेकंद. एकूण गोल ६२. भागाकार केला की उत्तर येतं साधारण ८७. म्हणजे दीड मिनिट पुरं होत नाही, तोच गोल!

हे पुस्तकातलं गणित नव्हे बरं का. २००४ साली आपल्या शेजारच्या गोव्यात हे खरंच घडलं. तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लायटनिंगला ६१-१ असं हरवलं. आणि विल्रेड लेजर या क्लबने दोना पावला स्पोर्ट्‌स क्लबला ५५-१! कुडतरी आणि विल्रेड, दोघांनाही वरच्या श्रेणीत जायचं होतं. अशा चुरशीत गुण सारखे झाले की गोलफरक बघतात. गोलफरक म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. मग काय, गोलांचा पाऊसच पडला!

गोव्याच्या फुटबॉल संघटनेने हे सामने ठरवून खेळलेले मानले आणि चारही क्लबांवर एका वर्षाची बंदी घातली. चारही, हं! आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ज्यांनी एवढे गोल खाल्ले, त्यांना शिक्षा कशाला? ते तर बिचारे हरले."

थांबा, नियम आठवा. गोल झाल्यावर चेंडू मैदानाच्या मधोमध ठेवतात. खेळ पुन्हा सुरू कोण करतं? ज्यांच्यावर गोल झाला, तेच! म्हणजे हरणाऱ्यांच्या पायाशी चेंडू साठेक वेळा आपणहून आला. आणि दर वेळी तो लगेच निसटला? अकरा जण नुसते उभे राहिल्याशिवाय असं होईल का? जिंकणाऱ्याला ही लबाडी एकट्याने करताच येत नाही. समोरच्याने हात द्यावा लागतो.

मी फुटबॉलचा वेडा आहे. आमच्या शहागडला गोदाकाठी पोरं रमतात कबड्डीत आणि क्रिकेटात, म्हणून माझा फुटबॉल टीव्हीवरचा. पण ०-० सुटलेला सामनासुद्धा मी जागचा न हलता बघतो. का? तर अडवणारा जिवाच्या आकांताने अडवतो, म्हणून एकेका गोलाचं मोल. अडवणाराच बाजूला झाला, तर ६१ गोलांत बघायचं काय?

मोठमोठे देशही यात घसरले आहेत. १९८२ चा विश्वचषक स्पेनमध्ये होता. २५ जूनला गिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना झाला. जर्मनी १-० ने जिंकली, तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, असा हिशेब होता. अल्जीरियाचे सामने आधीच संपलेले. जर्मनीने दहाव्या मिनिटाला गोल केला आणि मग दोन्ही संघ वेळ काढत राहिले. चिडलेल्या अल्जीरियन प्रेक्षकांनी खेळाडूंना नोटा हलवून दाखवल्या! पुढे १९८६ पासून विश्वचषकात गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले.

नियम सुधारला, चांगलंच झालं. पण घड्याळ लावून मन कसं बांधणार? ते काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

उद्या शाळेत खो-खोचा सामना असेल. समोरच्या संघातला तुमचा जिवलग मित्र हळूच म्हणेल, "ए, माझ्यामागे जरा हळू पळ ना!" तुम्ही काय कराल? मी सांगू? जिवाच्या आकांताने पळा. तरीही तो निसटला, तर त्याची पाठ थोपटा. ती शाबासकी त्याने खरी कमावलेली असेल.

बराय, पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर विल्रेडच्या सामन्याचं गणित तुम्ही करून ठेवा!

तुमचे गुरुजी